‘स्थलांतर’ म्हणजे नेमकं काय, आणि कोकणातली घरं या शब्दाला ‘नाही’ का म्हणतात

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण थोडक्यात सांगते. त्या समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताहेत आणि गुहागर तालुक्यातल्या दोन वाड्यांमध्ये पाहणी करताहेत. इंग्रजी प्रश्नावलीतल्या ‘मायग्रेशन’ला त्यांनी ‘स्थलांतर’ हा प्रतिशब्द घातला. पण ‘तुमच्या कुटुंबातल्या कोणी स्थलांतर केलं आहे का?’ या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक घरानं ‘नाही’ म्हटलं, तेही निम्म्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईत असताना. आपला शब्द चुकला का, ‘मायग्रेशन’चा मूळ अर्थ काय आणि दुसरा चांगला शब्द कोणता, असं त्यांनी विचारलंय.

मी गेली 27 वर्षं भाषांतराचं काम करते. त्यातला मोठा भाग प्रश्नावल्या, आरोग्यपुस्तिका आणि पुनर्वसनाचे अहवाल यांचा. राहते चिपळुणात. त्यामुळे हा प्रश्न मला कागदावर भेटलाय आणि पडवीतही.

ताई, तुमचा शब्द चुकलेला नाही. शब्दकोशाप्रमाणे तो बरोबरच आहे. अडचण अशी की तुम्ही एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्यात. माणूस कुठे राहतो ही एक, आणि तो स्वतःला कुठला समजतो ही दुसरी. घरच्यांनी दुसऱ्या गोष्टीचं उत्तर दिलं, आणि ते खरं दिलं.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी हीच चूक केली होती. एका संस्थेसाठी प्रश्नावली मराठीत केली आणि दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावात त्यांच्या कार्यकर्त्यांबरोबर फिरले. मे महिना होता. एक आजी पडवीत सुपात आमसुलं निवडत बसल्या होत्या. ‘स्थलांतर’वर त्यांनी मान हलवली. “न्हाय बाय, आमच्यातला कोनी न्हाय.” कार्यकर्त्यानं ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. आत माजघरालगत दोन खोल्यांना कुलपं होती. भिंतीवर लालबागच्या एका पतपेढीचं कॅलेंडर होतं आणि त्यात गणपतीचा दिवस लाल पेन्सिलीनं गोल केलेला. मी विचारलं, या खोल्या कोणाच्या? “थोरल्याची नि धाकट्याची. म्हमईला हायत दोघं.” मग हे स्थलांतर नाही का? आजींनी सूप खाली ठेवलं. “ते गेले न्हाईत. कामाला हायत.”

‘गेले नाहीत, कामाला आहेत’ हा फरक आमच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हता.

आता शब्दाच्या मुळाकडे वळू. ‘स्थलांतर’ फोडताना बहुतेक जण ‘स्थल’ अधिक ‘अंतर’ असं करतात आणि अंतर म्हणजे लांबी, दोन ठिकाणांमधला पल्ला असं समजतात. मुलांच्या प्रकल्पवह्यांतही मी हे वाचलंय. ते चूक आहे. समासाच्या शेवटी येणाऱ्या या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा, वेगळा’ असा होतो. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, रूपांतर म्हणजे दुसरं रूप. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘देहान्तरप्राप्तिः’ आहे, त्याचा अर्थ दुसरा देह मिळणं. तिथे दोन देहांमधल्या पल्ल्याचा काही संबंध नाही. त्याच रीतीनं स्थलांतर म्हणजे मुळात ‘दुसरं स्थळ’. म्हणजे हे जाण्याचं नाव नव्हतं, जिथे पोचायचं त्या जागेचं नाव होतं. मराठीत आपण त्याला ‘करणे’ जोडलं आणि त्याची क्रिया झाली. ज्या कामावर माझं पोट चालतं ते भाषांतर आणि तुमचं स्थलांतर ही अशी सख्खी भावंडं आहेत.

व्युत्पत्ती बघितली की आजींचं उत्तर मला जास्त नीट कळतं. त्यांच्या लेखी मुलांना दुसरं स्थळ मिळालेलंच नव्हतं. स्थळ एकच, ते कुलूप लावलेल्या खोल्यांचं. मुंबईतली होती ती खोली. चाळीतल्या त्या जागेला ‘घर’ म्हणायला आमच्याकडची जुनी माणसं सहसा धजावत नाहीत. ‘खोलीवर गेला’ म्हणतात आणि ‘घरी आला’ म्हणतात. तुमच्या नोंदवहीत लोकांची अशी वाक्यं शब्दशः उतरली असतील तर ती जपून ठेवा. चौकटीतल्या खुणांपेक्षा त्यांचा जास्त उपयोग होईल.

‘मायग्रेशन’ आलंय लॅटिन ‘मिग्रारे’ या क्रियापदावरून. अर्थ सरळ आहे: एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे, मुक्काम हलवणे. इंग्रजीत हा शब्द 17 व्या शतकात रुळला. त्याला पुढे ‘बाहेर’ अर्थाचा उपसर्ग लावला की एमिग्रेशन होतं, ‘आत’ अर्थाचा लावला की इमिग्रेशन. म्हणजे माणूस तोच आणि वाटही तीच. फक्त बोलणारा कोणत्या दारात उभा आहे, यावर शब्द बदलतो. तुम्ही गुहागरच्या दारात उभ्या आहात, जनगणनेचा माणूस मुंबईतल्या खोलीच्या दारात उभा असतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

या लॅटिन शब्दाच्याही मागे जाऊन भाषाभ्यासक एक प्राचीन धातू कल्पितात. त्याचा अर्थ ‘बदलणे, अदलाबदल करणे’. हे अनुमान आहे, कारण तो धातू कुठे लिहिलेला सापडत नाही, लेकी-सुनांच्या चेहऱ्यांवरून आजी ओळखावी तसा तो ओळखलेला असतो. म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तन, या शब्दाचं मूळ याच गोतात धरतात आणि आपल्या ‘विनिमय’मधला धातूही त्याच घरचा मानतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण कोकणात नेमकं तेच चालत आलंय. मुंबईहून मनीऑर्डर यायची, इथून तांदूळ, आमसुलं, फणसपोळी, भाजलेले काजू जायचे. आगबोटीच्या काळात हे भाऊच्या धक्क्यावर उतरायचं. पुढे एसटीच्या टपावर गेलं आणि 1998 पासून कोकण रेल्वेच्या डब्यात बाकाखाली. माणूस हलला आणि संपलं, असं इथे कधी झालं नाही.

दुसऱ्या बाजूनं ‘वस्’ हा धातू बघा. वस् म्हणजे राहणे. निवास, वस्ती, पुनर्वसन ही त्याची लेकरं आपण रोज वापरतो. ‘प्रवास’ही त्यातलाच. संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं, नुसतं गाडीत बसणं नव्हे. त्याच धातूचं ‘प्रोषित’ हे रूप, आणि त्यावरून प्रोषितभर्तृका. जिचा नवरा परगावी आहे अशी ही स्त्री नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिकांमध्ये मोजलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, महाराष्ट्रातल्या इतर कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. त्या आकड्यात अशा प्रोषितभर्तृकाही आहेत. नांगरट, लावणी, सासू-सासऱ्यांची दुखणी, ग्रामपंचायतीची घरपट्टी हे सगळं बघत त्या मागे राहिल्या. तुमच्या पाहणीत ‘गेलेला कोण’ याइतकाच ‘राहिलेली कोण’ हा रकाना हवा.

प्रवास शब्दाचा अर्थ मराठीत सरकला, हिंदीत मात्र जुना अर्थ टिकला. म्हणून हिंदीत ‘प्रवासी’ म्हणजे परमुलखात राहणारा आणि मराठीत ‘प्रवासी’ म्हणजे तिकीट काढून बसलेला. 2020 च्या टाळेबंदीत ‘प्रवासी मजूर’ हा हिंदी शब्दप्रयोग जसाच्या तसा मराठी मजकुरात शिरला. मी तपासायला आलेल्या मजकुरात तो दिसला की ‘स्थलांतरित मजूर’ करत असे आणि अजूनही करते. हीच गोष्ट पक्ष्यांची. आपल्याकडे ते स्थलांतरित पक्षी, प्रवासी पक्षी नव्हेत. ‘पलायन’ही तसंच. उत्तरेत गावं ओस पडण्याला तो शब्द वापरतात, मराठीत पलायन म्हणजे पळून जाणं, त्यात गुन्ह्याचा वास येतो. पोटासाठी घर सोडलेल्याला तो शब्द लावू नका. आणि ‘आप्रवासी’ वाचलंत तर तो ‘इमिग्रंट’चा प्रतिशब्द आहे. मॉरिशसमध्ये पोर्ट लुईच्या बंदरात ‘आप्रवासी घाट’ आहे, 2006 पासून तो जागतिक वारशात आहे. 1834 पासून करारावर नेलेले मजूर तिथे उतरले आणि पुढे त्यांत मुंबई इलाख्यातले मराठी बोलणारेही होते. ‘अ‍ॅग्रीमेंट’चं ‘गिरमिट’ झालं ते अशाच मजुरांच्या तोंडी.

इथपर्यंतचं एकदा जमेला धरू. ‘स्थलांतर’ म्हणजे दुसरं स्थळ, ‘मायग्रेशन’ म्हणजे मुक्काम हलवणं, आणि दोन्ही शब्द एवढे मोठे आहेत की त्यात कोण, कशानं आणि किती काळ यातलं काहीच कळत नाही. ते कळायला लहान शब्द लागतात, आणि ते परिस्थितीवर अवलंबून आहेत. एकच प्रतिशब्द सगळीकडे चालेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

सक्ती होती का, हे आधी बघा. धरणासाठी, प्रकल्पासाठी उठवलेलं गाव असेल तर विस्थापित म्हणा, सरकारी कागदात प्रकल्पबाधित असतं. जिवाच्या भीतीनं देश सोडावा लागला तर निर्वासित. हाही ‘वस्’चाच, राहत्या जागेतून बाहेर काढलेला. कर्जापायी किंवा भयानं माणसं विखुरली तर मराठीत ‘परागंदा’ आहे. तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच ‘विखुरलेला’. देशोधडीला लागणं त्याच्याही पुढचं. या घरांना ‘तुम्ही स्थलांतर केलं का’ असं विचारणं मला कठोर वाटतं, कारण ‘केलं’ म्हटलं की इच्छा त्यांची ठरते.

मग हंगाम. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर कुडाच्या दारांना काटे लावलेले दिसतात. कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेलं असतं, आधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत यायचं नाही. ती माणसं स्थलांतर म्हणत नाहीत. “जगायला गेले” म्हणतात. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा पेन थांबलं होतं. अहवालात मी तो तसाच ठेवला, अवतरणचिन्हात, आणि तो बदलून ‘हंगामी स्थलांतर’ करा असा आग्रह झाला तेव्हा दोन्ही छापून घेतले. त्याच दिवसांत घाट उतरून मेंढ्या घेऊन धनगर येतात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या आधी वर जातात. आंब्याच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार नौकांवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेली मुलं रत्नागिरीत आता नवी नाहीत. यांचं येणं-जाणं ठरलेल्या दिवसांचं आहे, पण कारणं तिघांची तीन. एका रकान्यात टाकलंत तर कारण हरवेल.

लग्नाचंही बोलायला हवं. जनगणनेत जन्मस्थानावरून आणि याआधीच्या राहत्या ठिकाणावरून स्थलांतर मोजतात. त्या हिशेबानं देशात गाव बदललेल्यांत सगळ्यांत मोठा गट लग्न होऊन गेलेल्या बायकांचा भरतो. हेदवीची मुलगी वेळणेश्वरला दिली तरी ती स्थलांतरित. पण घरातल्या कोणालाही, तिला स्वतःलाही, तो शब्द सुचणार नाही. आपल्याकडे त्याला ‘सासरी गेली’ म्हणतात. तुमच्या ‘नाही’वाल्या घरांतल्या सगळ्या सुना या अर्थी ‘हो’ आहेत. अभ्यासात त्यांना धरायचं की नाही ते तुमच्या विषयावर ठरेल, पण काय ठरवलं ते लिहून ठेवा.

जनगणनेचा दुसरा धागा मघाचाच. मुंबईत राहणारा मुलगा मुंबईच्या खोलीत मोजला जातो, गुहागरच्या घरात नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. ही घट वाचून गावं रिकामी झाली असं लिहिलं जातं. गणपतीत किंवा शिमग्यात पालखी नाचवायच्या रात्री त्याच गावात पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही खरं आहे. तुमची पाहणी जनगणनेशी जुळली नाही तर घाबरू नका, मोजणारा कुठल्या दारात उभा होता ते आधी बघा.

आता ‘चाकरमानी’. चाकर हा फारसी शब्द, चाकरी करणारा तो. कित्येकांना या शब्दात कमीपणा वाटतो, म्हणून 2025 च्या गणपतीआधी सरकारी वापरात त्याऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावं असं ठरलं. ज्यांना तो शब्द टोचतो त्यांचं टोचणं मी खरं मानते. पण भाषांतर करणारी म्हणून माझी अडचण वेगळी आहे. ‘वासीय’मध्ये पुन्हा वस् आहे, म्हणजे कोकणात राहणारा. मग वाडीत बारा महिने राहणाऱ्याला काय म्हणायचं? चाकरमानी म्हटलं की राहतो कुठे, येतो कधी आणि कोणाची वाट बघितली जाते, हे एका शब्दात कळतं. माझे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्या उन्हाळ्यात ते गावी आले ते परत गेलेच नाहीत. त्यानंतरही शेजारी त्यांना ‘चाकरमानी’ हाक मारायचे आणि ते ओ द्यायचे. ती हाक बंद झाली तेव्हा त्यांना वाईट वाटलेलं मी पाहिलंय. म्हणून तुमच्या अहवालात सरकारी शब्द वापरा, पण कोणी स्वतःला चाकरमानी म्हणवत असेल तर ते त्याच्याच शब्दांत नोंदवा.

कोकणी मुसलमान घरांत आखातात गेलेल्यांबद्दल ‘बाहेर असतात’ एवढंच ऐकू येतं. ‘हिजरत’ हा मोठा शब्द त्यांना माहीत असतो, इसवी सन 622 मधल्या मक्केहून मदिनेला जाण्याचा तो शब्द, पण दुबईच्या नोकरीला तो कोणी लावत नाही.

प्राणीशास्त्रात ‘मायग्रेशन’चा अर्थ जरा आवळलेला आहे: ठरावीक काळानं, ठरावीक वाटेनं जाणं-येणं. तुमच्याच गुहागरच्या वाळूत जानेवारी 2025 मध्ये अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवाच्या परावर ओडिशात 2021 साली लावलेला बिल्ला सापडला. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा यांची कासवं वेगळी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. मुलांना शब्द समजावताना मी हेच उदाहरण देते. इथल्या माणसांचं मुंबईला जाणंही बऱ्याच अंशी याच अर्थाचं आहे, परतीसकट.

आता प्रश्नावली. मी तुमच्या जागी असते तर मुख्य प्रश्नातून ‘स्थलांतर’ काढून टाकलं असतं आणि तो शब्द अहवालाच्या मथळ्यासाठी राखून ठेवला असता. घरी विचारायचं ते असं: या घरातलं कोण कोण सध्या दुसरीकडे राहतं? कुठे, आणि कशासाठी? गेल्या बारा महिन्यांत घरी किती दिवस होतं? पावसात कुठे असतात? त्यांची खोली, वस्तू, शिधापत्रिकेवरचं नाव इथे आहे का? या उत्तरांवरून स्थलांतर झालं की नाही, कुठल्या प्रकारचं, हे तुम्ही ठरवा. ते ठरवणं अभ्यासकाचं काम आहे, आजींवर टाकू नका.

हिंदू घरांसाठी माझा आणखी एक प्रश्न आहे, तो मला अनेक वर्षांनी सुचला: घरचा गणपती कुठे बसतो? तो वाडीतल्या घरातच बसत असेल, तर मुंबईत तीस वर्षं काढलेला माणूसही ‘गेलेला’ नाही, असं मी धरते. गणपती विरारच्या किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये बसायला लागला की घर हललं. एका घरात हे विचारलं तेव्हा दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं, आणि धाकटा म्हणाला, यंदापासून आमचा तिकडे बसवणार आहोत. वहिनी उठून आत गेल्या. त्या घराच्या नोंदीत मी ‘हो’वर खूण केली आणि तारीखही घातली. तेव्हा हा प्रश्न जपून विचारा, शक्यतो शेवटी, आणि घरात वाद चालू असेल तर विचारूच नका.

नवी प्रश्नावली छापण्याआधी पाच घरांत तोंडी विचारून बघा. जी घरं आधी ‘नाही’ म्हणाली होती, त्यांतलीच घ्या.